दगडावरील आंकडा

भाद्रपद वद्य चतुर्दशीस आमच्या बाजूस घातचतुर्दशी म्हणतात. पितृपक्षांत ज्याची जी मृत्युतिथि असेल त्या तिथीस त्याचें श्राद्ध होतें. परंतु शस्त्रानें किंवा अपघातानें ज्यांस मरण आलें त्यांच्यासाठीं शास्त्रानें ही एक तिथि निराळी राखून ठेविली आहे. या सुमारास बाजरीचीं कणसें भरत आलेलीं असतात, कोंकणांत हळवें भात पिकावयास लागलेलें असतें आणि देशावर शाळूसाठीं रान तयार करण्याची घाई चाललेली असते. अशा गर्दींतहि कांहीं घरांत गृहिणी एक पान वाढून वेगळें ठेवते. तें कोणाचें म्हणून विचारलें तर उत्तर येतें, "पलटणींतल्या आजोबांचें." आजोबांचें नांव विचारलें म्हणजे मात्र घरांतील तरुण मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें एखादे वाचक म्हणतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, जे पडले ते बहुतेक शेतकरीच होते, आणि त्यांच्या मरणाचा भार अखेर कोणी उचलला असेल तर तो एखाद्या जिराईत तुकड्यानें व त्या तुकड्यांत राबणाऱ्या बाईनें. पिकाच्या उताऱ्याचा हिशेब आपण दरमहा या पानांत मांडतों; हा हिशेब मात्र आपल्याकडून राहून गेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें ज्या गांवांतून भरती झाली होती अशा अनेक गांवांत लहानशा शिला बसविल्या. कोठें त्या चावडीच्या भिंतींत आहेत, कोठें शाळेच्या ओसरीवर, कोठें वेशीपाशीं. मजकूर बहुधा सारखाच: या गांवांतून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले. गेलेल्यांचा आंकडा आणि न आलेल्यांचा आंकडा. नांव एकाचेंहि नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव लष्करी परंपरेमुळें आज 'अपशिंगे मिलिटरी' याच नांवानें ओळखलें जातें. त्या एका गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. एका गांवांतून ४६ कर्ते पुरुष जाणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास निराळें समजावून सांगावयास नको. पेरणीच्या वेळीं पाभरीमागें उभें राहावयास माणूस मिळत नाहीं, याची कल्पना त्यानें करून पाहावी.

दगड उभारून मृतांची आठवण ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. मारुतीच्या देवळापुढें, ओढ्याच्या काठीं, शेताच्या बांधावर वीरगळ उभे असलेले आपण पाहतों. खालच्या चौकटींत लढाई व पडलेला वीर, मधल्या चौकटींत त्यास वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. कित्येकांवर गाईगुरें कोरलेलीं असतात, म्हणजे तो पुरुष गांवचीं गुरें सोडवितांना पडला. बहुतेक वीरगळांवरहि नांव नसतें हें खरें. परंतु तो माणूस कशासाठीं व कसा मेला हें तरी अक्षरशून्य माणसास दिसतें, आणि ज्यांनीं तो दगड उभा केला ते त्याच शिवारांतले असल्यामुळें नांव त्यांच्या तोंडीं होतें. घरोघर देव्हाऱ्यांत वीराचा टाक असतो, कित्येक ठिकाणीं धुळवडीस तो हातीं घेऊन वाजतगाजत मिरवितात. तेथेंहि आठवण घरचीच. संगमरवरी शिलेचें तसें नव्हे. ती कोठें तरी कचेरींत ठरली, एकाच मजकुरानें शेंकड्यांनीं कोरली गेली आणि गांवांत येऊन बसली. कोणी म्हणेल, सरकारास शिपायांचीं नांवें कोरण्याची रीतच त्या काळीं ठाऊक नसेल. तसें म्हणावें तर कोरेगांव भीमा येथील १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आजहि वाचतां येतात. शंभर वर्षांपूर्वीं जें साधलें तें शंभर वर्षांनंतर साधलें नाहीं, असें फार तर म्हणतां येईल.

आतां हे लोक कोठें गेले व कां गेले, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. माण, खटाव यांसारख्या तालुक्यांत पाऊस कमी, जमीन हलकी. कोंकणांत पाऊस उदंड, पण भाताचीं खाचरें इतकीं लहान कीं चार भावांत वांटून घेतलीं तर बैलजोडीस वळावयास जागा उरूं नये. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं जी गुरें मेलीं आणि जें कर्ज झालें तें एका पिढींत फिटण्यासारखें नव्हतें. एक भाऊ शेतावर, एक गिरणींत आणि एक पलटणींत, अशी वांटणी घराघरांत पडली. पलटणींतल्या भावाची मनिऑर्डर आली म्हणजे सारा भरला जाई व बियाणें विकत येई. तेव्हां शौर्याच्या परंपरेविषयीं जें बोललें जातें तें खोटें नाहीं. परंतु त्या परंपरेस सावकाराच्या वहीचीहि थोडी जोड होती, हें विसरून चालणार नाहीं.

या लोकांपैकीं पुष्कळांचें नशीब मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, ठरलें. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादच्या वाटेवर टेसिफोन येथें मोठी लढाई होऊन फौजेस मागें फिरावें लागलें, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गांवांत ती वेढली गेली. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. धान्य संपत आलें तेव्हां घोडे व खेंचरें मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकीं अनेकांनीं तें मांस बरेच दिवस नाकारलें आणि स्कर्व्हीच्या रोगानें त्यांचे हाल झाले. विमानांतून पिठाचीं पोतीं व दळणासाठीं जात्याचे दगड टाकण्यांत आले. ज्याच्या घरीं पहांटे जात्याची घरघर ऐकून जाग यावयाची त्या शिपायास आकाशांतून जातें पडतांना पाहून काय वाटलें असेल! अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक शरण गेले, आणि त्यांतील कित्येक हजार पुढें वाळवंटांतून चालत नेतांना व तुर्की कैदेंत मेले.

ज्यांची कबर सांपडली नाहीं अशांसाठीं बसरा येथें स्मारक बांधण्यांत आलें व तें १९२९ सालीं उघडलें. चाळीस हजारांहून अधिक लोकांचें तें स्मारक. पण त्यावरहि अंमलदारांचीं व गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, आणि साध्या हिंदी शिपायांच्या वांट्यास पलटणीचें नांव व आंकडा आला. फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथें १९२७ सालीं जें स्मारक उघडलें त्यावर मात्र चार हजार सातशेंवर हिंदी लोकांचीं नांवें आहेत. म्हणजे युरोपांत पडला तर नांव, इराकांत पडला तर आंकडा. बसऱ्याचें तें स्मारक १९९७ सालीं मूळच्या जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत नेण्यांत आलें. २०२१ च्या एप्रिलांत युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानेंच आपला अहवाल प्रसिद्ध करून ही विषमता कबूल केली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची स्मृति इतरांच्या बरोबरीनें राखली गेली नाहीं, आणि किमान १,१६,००० मृतांचीं नांवें कोठेंच कोरलीं गेलीं नाहींत अगर त्यांचें स्मारकच झालें नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. ब्रिटिश सरकारानें त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमा उशिरां आली, तरी आली हें बरें झालें. ज्यांनीं ती ऐकावयास हवी होती त्यांपैकीं कोणी उरलें नव्हतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील चौघे जण शाळूच्या बियाण्यासंबंधानें शिवारफेरीस निघालों होतों. डोंगरपायथ्याच्या एका गांवीं पावसानें गांठलें म्हणून शाळेच्या ओसरीस उभे राहिलों. भिंतीस नुकताच रंग दिलेला होता आणि त्या रंगाखालीं चौकोनी फरशी उंचवट्यासारखी दिसत होती. आमच्यांतील एकानें ओल्या रुमालानें पुसलें तेव्हां अक्षरें उघडीं पडलीं: एकतीस गेले, चार आले नाहींत. गुरुजींस त्या फरशीची वार्ता नव्हती. त्यांनीं एका वृद्ध शेतकऱ्यास बोलाविलें. ते आले, फरशीकडे पाहिलें आणि म्हणाले, "मला वाचतां येत नाहीं. पण ओढ्याखालचा बसऱ्याचा तुकडा ठाऊक आहे."

आम्हांस अर्थ कळेना. तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ बसऱ्याच्या लढाईवर गेले. दोन वर्षे पत्र नाहीं. मग एक कागद आला. मागें बायको व दोन वर्षांचा मुलगा. बाईच्या हातीं तुंबलेला पगार व पुढें पेन्शन येऊं लागली. थोरल्या दिरांच्या मनांत ती रक्कम घरच्या कर्जांत घालावयाची होती. बाईनें ऐकलें नाहीं. तिनें ओढ्याखालीं सवा एकर पड जमीन विकत घेतली, माहेरच्या भावाकडून बैल आणले आणि बांध घातला. "आमची चुलत आजी फार हट्टी होती," असें ते वृद्ध गृहस्थ म्हणाले; आणि त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. गांवांत त्या शेतास तेव्हांपासून बसऱ्याचा तुकडा म्हणतात. ज्या गांवास बसरा कोठें आहे हें ठाऊक नाहीं त्या गांवांत बसरा रोज नांगरला जातो.

या बाईचा हट्ट किती शहाणपणाचा होता हें समजण्यास त्या काळचा कायदा पाहिला पाहिजे. एकत्र कुटुंबांत एक भाऊ मुलगा नसतां वारला तर त्याचा वांटा राहिलेल्या भावांकडे जाई व विधवेस केवळ अन्नवस्त्र मिळे. मुलगा असला तर वांटा मुलाचा. १९३७ सालीं विधवांस पतीच्या हिश्श्यांत हक्क देणारा कायदा झाला. पण तो शेतजमिनीस लागू होत नाहीं असें फेडरल कोर्टानें १९४१ सालीं ठरविलें. म्हणजे घरांत हक्क, शेतांत नाहीं. शेतकऱ्याच्या विधवेस अशा हक्काचा उपयोग किती! १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा व मुलगी यांस मुलाच्या बरोबरीनें वारस मानलें, तोंपर्यंत पलटणींतल्या शिपायाच्या बायकोच्या हातीं स्वतःची म्हणण्यासारखी एकच वस्तु होती, ती पेन्शनची. त्यांतून जिनें जमीन घेतली ती टिकली. जिची पेन्शन घराच्या रहाटगाडग्यांत गेली ती पुढें दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीनें खुरपावयास गेली, असेंहि त्याच गांवीं आम्हीं ऐकलें.

ज्यांचा मेल्याचा कागदच आला नाहीं त्यांच्या घरचें दुःख याहून विचित्र. माणूस जिवंत म्हणावा तर येत नाहीं, मेला म्हणावा तर पुरावा नाहीं. सात वर्षे ज्याची खबर त्याच्या माणसांस लागली नाहीं तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम; आतांच्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. पण सात वर्षे वारसाची नोंद होत नाहीं, हिस्सा फुटत नाहीं, आणि बाईनें कुंकू पुसावें कीं ठेवावें हें तिचें तिलाच कळत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं नांवें तरी कोरलीं गेलीं. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनींतील त्यांच्या तुकडींत ते सोडून सर्वजण मेले किंवा जखमी झाले, तेव्हां ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. गोळ्या भरावयास वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानेंच त्यांनीं उरलेल्यांस आडवें केलें, आणि मग शत्रूच्या नेमबाजांनीं त्यांस टिपलें. वय बावीस. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगांवीं त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्यें इटलींतील मोंतोने या गांवानें त्यांच्या नांवें एक छायायंत्र, म्हणजे उन्हाच्या सावलीवर वेळ दाखविणारें घड्याळ, उभारलें. परक्या मुलखांतील एक लहानसें गांव ऐंशी वर्षांनीं आपल्या पळसगांवच्या मुलाची आठवण करतें, हें वाचून आम्हांस संतोष वाटला, आणि खरें सांगावयाचें तर थोडी लाजहि वाटली. आमच्या शाळेच्या भिंतीवरील फरशीस आम्हीं रंग फांसला होता.

स्वातंत्र्यानंतर जे पडले त्यांचीं नांवें दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर कोरलेलीं आहेत. तें स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. त्यांच्या कुटुंबांच्या सोयीहि पूर्वीपेक्षां पुष्कळ बऱ्या आहेत. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेनें दिराशींच पुनर्विवाह केला तर चालू राहील, अशी जी अट होती ती २०१७ सालीं काढून टाकण्यांत आली. उशिरां का होईना, बाईच्या मनास विचारण्याची गोष्ट कायद्याच्या ध्यानांत आली. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं शहीद जवानांच्या वारसांस दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याचें ठरविलें. शेतकरी या नात्यानें आम्हांस येथें एक शब्द बोलावासा वाटतो. जमीन देणें म्हणजे शेत देणें नव्हे. पाणी कोठून, वाट कोणाच्या बांधावरून, आणि ती घरापासून किती कोसांवर, हें पाहिल्याशिवाय दिलेला तुकडा बाईस अर्धेलीनें लावावा लागतो, व दोन वर्षांनीं कसणारा कोण व मालक कोण याचा वाद सुरू होतो.

गांवानें करावयाचें काम यापेक्षां सोपें आहे. जवानाचा देह गांवीं येतो त्या दिवशीं हजारों लोक जमतात. कमानी उभ्या राहतात, फलकांवर पुढाऱ्यांचीं चित्रें कधीं कधीं जवानाच्या चित्राहून मोठीं असतात. पहिल्या मृगास त्या घरचें रान नांगरावयास सगळा गांव इर्जिक घेऊन जातो. दुसऱ्या वर्षीं चार औतें येतात. तिसऱ्या वर्षीं घरची म्हातारी ट्रॅक्टरवाल्याच्या दारीं जाऊन बसते. आम्हीं हें एका ठिकाणीं पाहिलें आहे, व तें गांव वाईट नव्हतें. इर्जिक कोणत्या घरीं किती वर्षे द्यावयाची हें ग्रामसभेंत एकदां ठरवून वहींत लिहून ठेवलें, तर मागावयास जाण्याचा प्रसंग त्या म्हातारीवर येणार नाहीं.

राहतां राहिलीं जुनीं नांवें. तीं कोठें सांपडतात हें आम्हांस त्या डोंगरपायथ्याच्या गांवानेंच शिकविलें. चार मृतांपैकीं दोघांचीं नांवें आतां लागलीं आहेत. एक युद्धकबरींच्या आयोगाच्या यादींत मिळालें. या याद्या आतां संगणकावर कोणासहि पाहतां येतात व त्यांत पुष्कळ ठिकाणीं बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हा दिलेला असतो; मात्र इंग्रजी कारकुनानें ऐकलें तसें लिहिलेलें असल्यामुळें गांवाचें नांव चार तऱ्हांनीं शोधून पाहावें, आणि आडनांव नसेल तर निराश होऊं नये. गांव नमुना चौदांतील जुन्या मृत्यूच्या नोंदी, पेन्शनीचीं पुस्तकें, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि घरांतील पत्र्याची ट्रंक, हींहि पाहावीं.

दुसरें नांव मात्र बसऱ्याच्या तुकड्यानें दिलें. त्या वृद्ध गृहस्थांस आपल्या चुलत आजोबांचें नांव ठाऊक नव्हतें. घरीं ते नुसते "पलटणवाले" होते. आम्ही तलाठी कचेरींत गेलों आणि जुन्या फेरफाराची नोंद काढविली. खरेदी घेणार म्हणून त्या हट्टी बाईचें नांव होतें, आणि त्यापुढें, त्या काळच्या रिवाजाप्रमाणें, 'कोम' हा शब्द व नवऱ्याचें नांव. सरकारच्या दगडानें जें ठेविलें नाहीं, बसऱ्याच्या भिंतीनें जें ठेविलें नाहीं, तें तिच्या सवा एकरांच्या खरेदींत शंभर वर्षे शाबूत राहिलें होतें.

तें नांव आम्ही येथें छापावें अशी इच्छा होती. कुटुंबानें सांगितलें, "आधीं गांवच्या दगडावर येऊं द्या, मग मासिकांत घाला." त्यांचें म्हणणें आम्हांस योग्य वाटलें. ग्रामसभेनें शाळेच्या ओसरीवर जुन्या फरशीशेजारीं दुसरी शिला बसविण्याचें मंजूर केलें असून पाथरवटास घातचतुर्दशीच्या आंत काम पुरें करण्यास सांगितलें आहे. चार ओळींची जागा आंखली आहे. दोन ओळींत नांवें कोरलीं जातील. एका नांवाखालीं त्याच्या पत्नीचेंहि नांव घालावें, असा आग्रह त्या वृद्ध गृहस्थांनीं धरला व तो सभेनें मान्य केला. उरलेल्या दोन ओळी कोऱ्या ठेवावयाच्या आहेत. पाथरवट म्हणाला, दगड मागाहून कोरतां येतो, त्याची घाई नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं अशी फरशी असेल तर तिच्यावरील दोन्ही आंकडे व मिळालेलीं नांवें आमच्याकडे लिहून पाठवावीं. फेरफार पाहतांना बायकांच्या नांवानें झालेल्या १९१६ ते १९२५ पर्यंतच्या खरेद्या आधीं पाहाव्या.